हरणीचं छप्पर

मार्गशीर्षाचं ऊन तांबट आळीत उतरतं ते पाऊल न वाजवता. आधी कौलांच्या कडांवर केशर सांडतं, मग ओट्यावर, मग ओट्यावरच्या घागरींच्या गोल पोटांवर. आणि एकदा का ते पितळेला भेटलं, की आकाशातला सूर्य कुठला आणि उंबऱ्यातला कुठला, हे खिरणी गावातल्या कोंबड्यांनाही उमगत नाही. दुपारी तीनला आरवणारे कोंबडे या आळीत आहेत. खोटं वाटत असेल, तर जाऊन ऐकावं.

त्या सुवर्णसंभ्रमात, मांडीवर हातभर लांबीचं पितळी इंजिन घेऊन मुकुंदशेट तांबट बसले होते. हातात कानस होती. मनात संशय होता.

इंजिनाचं नाव हरणी. छोट्या रुळांवरची, कृष्णवर्णी, बाष्पनिःश्वासिनी हरणी. एका श्रावणात ती पुलावरून नदीत कोसळली, कारखान्यात गेली, आणि वर्षभरानं परतली ती दुसरा जन्म घेऊन. धुराडं आखूड, पाठीवरचा घुमट मागं सरकलेला, गोल खिडक्या चौकोनी झालेल्या. मुकुंदशेटनी पितळेत घडवली होती ती पहिल्या जन्माची हरणी. हाती आलेलं छायाचित्रच अपघाताआधीचं निघालं. आता त्या घडलेल्या कायेलाच नव्या जन्मात न्यायचं होतं.

धुराडं कापलं. घुमट उपटला, भोक बुजवलं, दोन बोटं मागं बसवला. खिडक्यांना कोपरे काढले. पितळेचा कीस मांडीवर झरत राहिला, पीत पराग, पीत पराग, जणू एखादं धातूचं फूल झडतंय.

उरलं होतं छप्पर. आणि छपरापाशीच गाडं अडलं होतं.

जयवंत पाटोळे, हरणीचे शेवटचे ड्रायव्हर, रोज ओट्यावर येऊन टेकत. म्हणत, "मुकुंदशेट, माझ्या डोक्यावरचं छप्पर चार बोटं उंच करा. उभं राहिलं की कपाळ आपटायचं माझं. पुन्हा बांधताना दादामियाँ मिस्त्रीनं गुपचूप उचललं ते. साहेबाला विचारलं नाही, नकाशात काढलं नाही. मिस्त्री गेला. रविवारी ही स्टेशनातल्या काचेच्या कपाटात बसेल. तिच्यात नसेल, तर मग ते कुणाच्या नजरेसच पडणार नाही."

चार बोटं! लहानग्या हरणीत ज्वारीच्या दाण्याएवढी. पण सांगणारा कोण? ज्याच्या शिट्टीनं म्हणे तीन गावांतलं दूध नासलं, तो. ज्याच्या भट्टीपाशी थंडीच्या दिवसांत बिबट्या शेकायला यायचा आणि उतरताना शेपटीनं सलाम करायचा, तो. त्या बिबट्याच्या पंगतीला हे छप्पर बसवायचं? मुकुंदशेटच्या तीन पिढ्यांचा शिक्का खोट्या भांड्यावर उमटला नव्हता. खोट्या इंजिनावर कसा उमटावा?

नकाशा पाहिला. छप्पर सरळ. मग स्टेशनाबाहेरच्या चौथऱ्यावर, जिथं खरी हरणी निजल्यासारखी उभी आहे, तिथं दोरी घेऊन गेले. रस्त्याच्या बाजूनं उभे राहिले. एक डोळा मिटला. दोरी ताणली. सरळ. जलरेषेसारखं सरळ, क्षितिजासारखं सरळ, निर्दय सरळ.

"पाटोळे, माप घेऊन आलो," त्या संध्याकाळी ते म्हणाले. "चार बोटं सोडा, चार केसही नाहीत."

पाटोळ्यांनी बशी खाली ठेवली.

"दोरी लावलीत?"

"लावली."

"मग... नसेल." आणि ते उठले. चहा तसाच राहिला, त्यावर सायीचा सुरकुतलेला चंद्र धरला.

आतून मुकुंदशेटच्या पत्नी द्वारकाबाई बाहेर आल्या. "काय हो, पकडलंत खोटं?"

"पकडलं."

"मग तोंड का असं, कल्हई उडाल्यासारखं?" त्यांनी बशी उचलली. "खोटं बोलणारा असा गप्प जातो होय? त्यानं अजून दोन बिबटे आणले असते. तुम्ही बघितलंत कुठून?"

"रस्त्यावरून."

"आणि पलीकडून?"

"पलीकडं भिंत आहे. बोगनवेल माजलीय. आणि पलीकडं वेगळं काय असणार?"

"अहो, घागरीला नसतं पलीकडं. इंजिनाला असतं."

मुकुंदशेटच्या हातातला हातोडा हातातच राहिला. चाळीस वर्षं गोल घडवणारा हात. एक अंग पाहिलं की सगळं अंग पाहिलं, असं मानणारा डोळा. आता संशयानं कूस बदलली. तो पाटोळ्यांना सोडून मुकुंदशेटच्याच उरावर येऊन बसला.

सकाळी ते भिंत आणि हरणी यांच्यामधल्या हिरव्या अंधारात शिरले. काटे सदऱ्याला भिडले, काटे कानाला भिडले. गुलाबी पानांचा पडदा दोन्ही हातांनी फाडला. आणि वर, ड्रायव्हरच्या जागेवर, छप्पर उचललेलं होतं. पापणी उचलावी तसं. पंख उचलावा तसं. झोपलेल्या माणसावरून पांघरूण हलकेच उचलावं तसं. खाली पत्र्याची अरुंद पट्टी, तिच्यावर हातानं ठोकलेले रिबीट, थोडे वाकडे, थोडे घाईचे. कुणी येईल म्हणून मागं बघत बघत ठोकलेले.

त्यांनी त्या पट्टीवर बोटं आडवी ठेवली. करंगळी. अनामिका. मध्यमा. तर्जनी. अंगठ्याला जागा नव्हती.

तिथून ते थेट पाटोळ्यांच्या दारात.

"चला. माणूस हवाय."

पाटोळ्यांचे डोळे बारीक झाले. "कशाला? आता कसलं माप?"

"छप्पर धरायला. एकट्याच्यानं उचलत नाही."

"ज्वारीच्या दाण्याएवढं?"

"तेवढंच जड आहे."

मग ओट्यावर करवत फिरली, आणि हरणीचं चकचकीत, निर्दोष, सरळ छप्पर एका अंगानं चिरलं गेलं. पाटोळ्यांनी चिमट्यात त्याची कड धरली. मुकुंदशेटनी खाली पट्टी सरकवली, फुंकणीनं ज्योत फुलवली. सांध्यावरची डाख आधी तापली, मग लाजली, मग वितळली. आणि फटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रुपेरी ओघळ धावत गेला, थबकला, थिजला, थांबला.

"सोडू?" पाटोळ्यांनी विचारलं.

"सोडा."

त्यांनी चिमटा सोडला. छप्पर खाली आलं नाही.