खंड्याच्या अंगावरची पांढरी रेघ

मी एक जुने लाईट टेबल आहे, मित्रांनो. नावाला टेबल, पण माझ्यावर कुणी जेवत नाही की पाढे लिहीत नाही. माझ्या पोटात दोन ट्यूबलाइट आहेत आणि वर दुधी काच. दिवे लावले की काचेवरचा कागद आतून उजळतो आणि त्याच्याखाली ठेवलेला कागदही दिसू लागतो. मला येते ते एवढेच.

दोघी बहिणींसाठी एका सुतारकाकांनी मला बनवले. पोटात दिवे बसवायचे ऐकून ते चक्रावले होते. "ताई, दिवे डोक्यावर लावतात हो. तुम्ही पोटात लावायला सांगताय!"

"काका, याची भूकच उजेडाची आहे," थोरली म्हणाली. काका इतके हसले, की ओठांत धरलेला खिळा खाली पडला. माझी काच एका बंद पडलेल्या दुकानाच्या खिडकीची होती. दोघी बहिणींनी वाळू आणि पाणी घेऊन ती दोन दिवस घासली, तेव्हा कुठे ती दुधी झाली.

दोघींची छपाईची जागा पहिल्या मजल्यावर होती. दोनच खोल्या, मध्ये दार नसलेली चौकट. आतल्या खोलीत मी आणि थोरली, बाहेरच्या खोलीत छपाईचे यंत्र आणि धाकटी. या छपाईची गंमत सांगतो. इथे चित्र रंगवून द्यायचे नसते. प्रत्येक रंगासाठी वेगळा कागद करायचा, आणि तो काळ्या शाईने. निळ्याचा कागदही काळा आणि नारिंगीचाही काळाच. जिथे थोरली काळे भरणार, तिथे यंत्र स्टेन्सिलच्या पातळ पडद्याला बारीक भोके पाडणार, आणि धाकटी यंत्रात जो रंग घालेल तो त्यांतून उतरणार. एक रंग झाला की तेच छापलेले पान पुन्हा यंत्रात, दुसऱ्या रंगासाठी. रंग जागच्या जागी बसावेत म्हणून प्रत्येक कागदाच्या चारी कोपऱ्यांत अधिकाची खूण असे.

थोरली उंच स्टुलावर बसून श्वास रोखून रेघ ओढायची. बाहेर यंत्र धडधडायचे आणि मग थांबायचे.

"ताई, निळा झाला गं!"

"खुणा बसल्या?"

"बसल्या! तुझ्या रेघेची काय बिशाद आहे न बसायची!"

दिवसातून दहादा हेच बोलणे व्हायचे. धाकटीचे हात कोपरापर्यंत रंगलेले असत. कधी ती ओली प्रत घेऊन धावत यायची आणि माझ्या काचेवर उपडी टाकायची. दिवे लागले की रंगांतून उजेड यायचा. थोरली ओरडायची, "अगं, काच पुसायची कुणी?" आणि स्वतःच पुसायची. बारा वर्षे अशी गेली. येणारे लोक पाने हातात घेऊन म्हणत, "दोन बायकांनी केलंय? एका हाताचं वाटतं." मला फार अभिमान वाटायचा.

मग पक्ष्यांच्या पुस्तिकेचे काम आले. एका शाळेच्या मुख्याध्यापिका, सगळे त्यांना बाई म्हणत, स्वतः जिना चढून आल्या होत्या. आठ पाने, आठ पक्षी, सगळे निळ्या आणि नारिंगी या दोनच रंगांत. पहिल्या पानावर खंड्या : पाठ निळी, पोट नारिंगी. हवा तेव्हा फार दमट होती. धाकटी चौकटीत उभी राहून म्हणाली, "ताई, या वेळी नारिंगीची कड निळ्याच्या आत सरकव. केसभरच. कागद फुगतोय. दुसऱ्या रंगाला जरा जरी हलला, तर मध्ये पांढरं दिसेल."

"रंग रंगावर चढला की घाण दिसतं. माझी कड कडेलाच लागणार."

"अगं, पण कागद तुझं ऐकतो का?"

"तू ऐकायला लाव," थोरली म्हणाली. बोलणे तिथेच संपले.

पाने छापून झाली आणि प्रत्येक पक्ष्याच्या अंगावर, दोन रंग जिथे भेटतात तिथे, एक पांढरी रेघ उरली. कागद पुन्हा काढून छापायला वेळ नव्हता. बाई आल्या, त्यांनी पुस्तिका डोळ्यांजवळ धरली. "खंड्याच्या पाठीत आणि पोटात हे पांढरं कसलं गं?"

थोरली माझ्या काठाला टेकून उभी होती. तिची बोटे मला घट्ट धरून होती. ती म्हणाली, "छपाईत सरकलं, बाई. बहीण अजून शिकतेय."

धाकटी चौकटीत फडक्याने हात पुसत होती. बारा वर्षे ती हेच यंत्र चालवत होती. तिने ताईकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाली, "हो. माझ्याकडून सरकलं."

बाई गेल्यावर धाकटीही बाहेर गेली. थोरलीने खंड्याचे दोन्ही कागद माझ्यावर एकावर एक ठेवले, चारी खुणा जुळवल्या आणि दिवे लावले. निळ्याची कड आणि नारिंगीची कड एकमेकींना नुसत्या टेकून होत्या. आत कुठेही केसभरसुद्धा सरकलेल्या नव्हत्या. चूक कुणाची ते तिने पाहिले आणि मीही पाहिले. तिने दिवे बंद केले. मी दाखवू शकतो, मित्रांनो, पण बोलू शकत नाही. तेव्हा बोलता आले असते तर!

महिन्याभरात धाकटीने दूरच्या एका गावातल्या छापखान्यात नोकरी धरली. जाताना तिने यंत्राचे सगळे भाग पुसले, रंगांचे डबे नीट लावले. भांडण झाले नाही. झाले असते तर बरे झाले असते, असे मला अजून वाटते.

त्यानंतर सात वर्षे माझे दिवे फारसे लागले नाहीत. थोरली बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरवर लोकांची पत्रके करायची. माझ्यावर आधी खोकी आली, मग इस्त्रीचे कपडे, मग एक कुंडी. कुंडीतले पाणी फळीत मुरले आणि माझा एक पाय फुगला. एक ट्यूब गेली. त्याचे एवढे वाईट वाटले नाही. पण बाहेर सगळे शांत असायचे. थोरली कधी कधी फोन हातात घेऊन आतल्या खोलीत यायची, नंबर लावायची आणि घंटा वाजायच्या आत ठेवून द्यायची. एकदा तिने रिकाम्या चौकटीकडे पाहून विचारले, "खुणा बसल्या?" आणि मग स्वतःवरच रागावल्यासारखी खोकी आवरायला लागली.

आणि एका सकाळी बाई आल्या. आता निवृत्त झालेल्या, एकेक पायरी थांबत थांबत चढलेल्या. "ती पक्ष्यांची पुस्तिका आहे का गं शिल्लक? नातीने माझी फाडली. तिला दुसरं पुस्तक चालत नाही." पाणी पिऊन त्या सहज म्हणाल्या, "आणि तुझी ती बहीण? शिकली का मग छपाई?"

थोरलीच्या हातातला तांब्या कलंडला, पाणी सांडले. ती खाली बसली.

"बाई, ती तेव्हाही शिकलेलीच होती. तिने मला आधी सांगितलं होतं. रेघ माझ्यामुळे आली. मी तुमच्यापुढे तिच्यावर ढकललं."

"अगं बाई!" बाई म्हणाल्या. त्यांनी हातातला पेला खाली ठेवला. "आणि मी सात वर्षं ज्याला त्याला सांगत आले, चित्रं थोरलीची सुरेख, धाकटीचा हात कच्चा. माझं मी दुरुस्त करीन, जिथे जिथे बोलले तिथे. तुझं तू बघ."

पुस्तिकेची एकही प्रत उरली नव्हती. त्या दिवशी थोरलीने माझ्यावरचे सगळे उतरवले. कुंडी खिडकीत गेली. वायरमन नवी ट्यूब लावून गेला. जुने कागद काढले, तर ते पिवळे पडून आखडले होते, म्हणून तिने आठही पक्षी पहिल्यापासून काढायला घेतले. हात पूर्वीसारखा राहिला नव्हता, ते मला काचेवर कळत होते. दोन महिने लागले. प्रत्येक पानावर नारिंगीची कड निळ्याच्या आत केसभर नेलेली होती. वर एका चिठ्ठीवर तिने लिहिले : "तुझं बरोबर होतं. बाईंना खरं सांगितलं. तुला सांगायला सात वर्षं लावली." कागद गुंडाळून तिने छपाईसाठी धाकटीला कुरियरने पाठवले.

मग आम्ही वाट पाहिली. एक आठवडा गेला, दोन गेले. थोरलीने माझी काच इतकी पुसली, की झिजेल असे वाटले.

पार्सल आले. आत तेच कागद होते आणि त्यांवर जागोजागी पेन्सिलीच्या खुणा. सोबत एक कागद, तो थोरलीने मोठ्याने वाचला. "पान तीन : चोच सुटली आहे, तिथे पांढरं दिसेल. पान पाच : शेपटीकडे अजून केसभर. इथला कागद जास्त फुगतो. पान सहा : छान. चष्मा बदल, तुझी रेघ डावीकडे झुकते." माफ केले की नाही, याबद्दल एक अक्षर नव्हते.

"काय बाई आहे!" थोरली म्हणाली. "सात वर्षांनी पहिलं वाक्य काय, तर चोच सुटली!" ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. शाई फुटू नये म्हणून तिने आधी कागद बाजूला केले आणि मगच डोके माझ्या काचेवर टेकवले.

तेव्हापासून कागद जातात आणि येतात. सात पाने पक्की झाली आहेत. थोरलीला नवा चष्मा आहे. आठवे पान घुबडाचे. ते तीनदा गेले आणि तीनदा परत आले. गेल्या खेपेला त्यावर लिहिले होते : "हे असं पाठवून कळत नाही. येऊन बघते." कधी, ते लिहिलेले नाही.

मित्रांनो, तुमच्या आसपास माझ्यासारखे एखादे जुने टेबल असेल, तर त्यावर ओली कुंडी ठेवू नका, आणि महिन्यातून एकदा तरी त्याचे दिवे लावून बघा. आणि तुमच्या हातून कुणावर असे काही ढकलले गेले असेल, तर मुकाट्याने कागद आवरत बसू नका. ज्याच्यापुढे बोललात, त्याच्यापुढे जाऊन खरे सांगा, आणि लवकर सांगा. सात वर्षे फार असतात. पाय फुगतो, रेघ झुकते.

घुबडाचे दोन्ही कागद आत्ता माझ्यावर आहेत, खुणा जुळवून ठेवलेले. जिना वाजला की थोरली मान वर करते. आज दोनदा वाजला. एकदा पोस्टमन होता, एकदा वरच्या मजल्यावरचे आजोबा. ती पुन्हा काच पुसते आहे. दिवे तिने चालूच ठेवले आहेत.