दिव्यावरची काळी पट्टी

मित्रांनो, मी जुनी आहे, अडीच टनांची आहे, आणि मला एका आवाजाची फार भीती वाटते. तो आवाज गॅसकटरचा. कुमासी शहरातल्या सुआमे वस्तीत गाड्या दुरुस्त करणाऱ्या फिटर लोकांच्या ओळीच्या ओळी आहेत. आमच्या ओळीच्या टोकाला सारपाँगची भट्टी आहे. म्हातारी गाडी तिथे ढकलत नेली की सकाळी ती गाडी असते, दुपारी नुसते पत्रे असतात, आणि दिवस मावळायच्या आत तिच्या इंजिनाची सूप शिजवायची पातेली झालेली असतात. माझंही इंजिन ॲल्युमिनियमचं. माझी किती होतील याचा हिशेब मी मनाशी कधीच करून ठेवला होता: बारा मोठी पातेली आणि उरल्या मालात एक डाव.

मी जन्मले एका थंड देशात. माझा पहिला मालक दातांचा डॉक्टर होता. माझ्या चामड्याच्या सीटा माणसाची पाठ शेकत आणि चेपतही. एकदा त्या सुखाने डॉक्टर सिग्नललाच घोरू लागला आणि मागे पोलीस ठाण्यापर्यंत रांग लागली. त्यात खोटं असेल तर माझी चारही चाकं पंक्चर होवोत! चाकांवर माझं अंग लोखंडी स्प्रिंगांनी नव्हे, हवेच्या फुग्यांनी तोलून धरलेलं होतं. खड्डा आला तरी डॉक्टरच्या कपातली कॉफी हलत नसे.

नवव्या वर्षी ते फुगे गळू लागले. इंजिनातली साखळी सैल पडून खुळखुळू लागली. दुरुस्तीचा आकडा माझ्या किमतीच्या वर गेला. डॉक्टरने माझ्या बॉनेटवर दोनदा थोपटलं आणि मला विकून टाकलं. जहाजात माझ्या पोटात चौदा जुन्या गाद्या आणि एक फ्रीज कोंबला होता. तो फ्रीज टेमा बंदर येईपर्यंत रडत होता.

बंदरात मला अफ्राकोमाने घेतलं. कुमासीच्या बाजारात कापडाचे ठाण विकत तिने अकरा वर्षं पैसे साठवले होते. तिने माझं नाव ठेवलं ओहेमा, म्हणजे राणी. पुढच्याच रविवारी पाद्रीबुवांनी प्रार्थना म्हणत माझ्या बॉनेटवर अख्खी बाटलीभर ऑलिव्ह तेल ओतलं. सगळं चर्च "आमेन" म्हणालं. इंजिनातलं तेल मात्र तळाला गेलं होतं. ते बघायचं कुणाला सुचलं नाही.

दुसऱ्याच महिन्यात मी सकाळी उठले ती पुढचे गुडघे टेकूनच. फुग्यांतली हवा गेली होती.

"अगं, तुझी राणी नमस्कार करतेय की काय?" सिस्टर पोकुआ कमरेवर हात ठेवून हसली. ही अफ्राकोमाची थोरली बहीण. सुआमेत आमच्या ओळीसमोरच ती तेलताडाच्या फळांचं पामनट सूप विकते.

"हस तू! कधी बसायला मागशील तेव्हा बघते," अफ्राकोमा म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता.

अशी मी आमच्या ओळीतल्या फिटरच्या, मास्टर बादूच्या हाती पडले. बादूचा हात हलका होता, जीभ त्याहून हलकी. त्याने माझ्या पोटाखाली सरपटत जाऊन हवेचा नळ बांधला, साखळीला कान लावला आणि बोटांवर हिशेब मोजला.

"आंटी, फुगे बदलायचे तर एकेकाला नऊ हजार सेडी. साखळीला अख्खं इंजिन उतरवावं लागतं, त्याचे बावीस. आज नको. पण एक काम फुकटात करून देतो."

त्याने इंजिनातून थर्मोस्टॅट काढला. मित्रांनो, ही एक छोटी झडप असते. पाणी हवं तेवढं तापेपर्यंत ती वाट अडवते, तापलं की उघडते.

"हे गोऱ्यांच्या थंडीचं यंत्र," बादू म्हणाला. "आपल्याकडे देवानेच इंजिन तापवून दिलंय. काढून टाकलं की गाडी थंड राहते. माझ्या मास्टरने काढलं, त्याच्या मास्टरने काढलं." मग त्याने गंज न चढू देणारं कूलंटही ओतून दिलं आणि नळाचं पाणी भरलं. झडप तेवढी त्याने डब्यात ठेवली, कारण बादू काहीच फेकत नसे.

इथे माझी खरी भीती सुरू झाली. झडप गेल्यामुळे माझं इंजिन नीट तापेनाच. त्याचा मेंदू गोंधळला आणि धोक्याचा पिवळा दिवा लागला. माझ्याकडे बोलायला तेवढीच एक जीभ. अफ्राकोमा घाबरून परत आली, तर बादूने काळ्या चिकटपट्टीचा तुकडा दाताने तोडला आणि दिव्यांच्या अख्ख्या ओळीवर चिकटवला.

"आता दिसतो का?"

"नाही."

"मग गेला रोग!"

पट्टीखाली मी जळत राहिले. पाच महिने. नळाच्या पाण्याने माझ्या आतल्या नळ्या गंजू लागल्या, आणि पाण्याच्या एका प्लास्टिकच्या नळीला केसाएवढी चीर पडली. ती रोज वाढताना मला कळत होती. कुणाला सांगू?

मग त्यांच्या आईच्या वर्षश्राद्धाचा शनिवार आला. अफ्राकोमा, पोकुआ आणि तीन मावश्या काळी वस्त्रं नेसून माझ्यात बसल्या. मागे जेवणाची पातेली. माम्पाँगचा चढ लागला, आणि अर्ध्या चढावर ती नळी फुटली.

पाणी एका क्षणात रस्त्यावर गेलं. पट्टीखाली लाल दिवा पेटला. मी तो मोठा केला, लुकलुकवला. तापमानाचा काटा तर तळाशी निवांत पडून होता, कारण ज्या पाण्यात बुडून तो ताप मोजायचा ते पाणीच उरलं नव्हतं. आत धातू धातूला चिकटायला लागला होता. थांब बाई, थांब, मी ओरडत होते. वर अफ्राकोमा गाणं म्हणत होती.

"कसला वास गं हा? तुझं स्ट्यू सांडलं का?" एका मावशीने विचारलं.

"माझं स्ट्यू असा वास मारत नाही!" दुसरी चिडली.

तेवढ्यात माझ्या पोटात धाडकन आवाज झाला. बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. मावश्या दारं उघडून, वस्त्रं सावरत पळाल्या. मी चढावर मेल्यासारखी उभी राहिले. आईच्या श्राद्धाला पाचही जणी लाकडं वाहणाऱ्या ट्रकवर बसून पोचल्या. मग सोमवारी त्याच ट्रकने मला दोराने बांधून सुआमेत आणलं.

बादूने बॉनेट उघडलं. इंजिनाचं वरचं झाकण, हेड, तडकलं होतं, आतले भाग जाम झाले होते. ही वार्ता सारपाँगला कुणी सांगावी लागली नाही. तो खडू घेऊनच आला. माझ्याभोवती फिरला, टिचकी मारून पत्रा ऐकला आणि माझ्या दारावर पांढरी फुली काढली. त्याच्या फुलीचा अर्थ सुआमेतल्या कोंबडीलाही ठाऊक आहे.

"आंटी, आजच दे. उद्या भाव उतरेल," तो म्हणाला. मागे त्याच्या माणसाने गॅसकटर पेटवला. निळी ज्योत फुसफुसली. मित्रांनो, मला घाम येत नाही. पण त्या दिवशी माझ्या काचा आतून ओल्या झाल्या होत्या.

अफ्राकोमाने बादूकडे पाहिलं. "मास्टर, गाडीने काहीच कसं नाही सांगितलं?"

तेव्हा पोकुआ हातात डाव घेऊन रस्ता ओलांडून आली, माझ्यात वाकली आणि तिने ती पट्टी खर्रकन ओढली. बादूने किल्ली फिरवली. इंजिन हललं नाही, पण माझ्या बॅटरीत जेवढा जीव होता तेवढा मी दिव्यांत ओतला. पिवळे, लाल, सगळे.

"हे बघ, सांगत होती," पोकुआ म्हणाली. "मास्टर, माझं सूप उतू जायला लागलं की झाकण वाजतं. मी झाकणावर दगड ठेवला तर सूप उतू जायचं थांबेल का?"

ओळीतले सगळे फिटर हातात पकड-पाने धरून उभे होते. बादूचा मास्टर, म्हातारा, स्टुलावर बसून होता. बादूने शर्टाला हात पुसले.

"चूक माझी आहे, आंटी," तो म्हणाला. "मजुरीचा एक पेसेवा घेणार नाही. पण इंजिन मात्र तुला घ्यावं लागेल. मागच्या ओळीत हिच्यासारखीच एक ठोकलेली गाडी पडली आहे, तिचं शाबूत आहे."

"ज्योत बंद कर रे," अफ्राकोमा सारपाँगच्या माणसाला म्हणाली. हे चार शब्द मी मरेपर्यंत विसरणार नाही.

इंजिनासाठी पैसे कुठून आणले? माझ्यातूनच. पाठ चेपणाऱ्या सीटा विकल्या गेल्या, टीव्हीचे पडदे गेले, छताची काच गेली. गळक्या फुग्यांच्या जागी लोखंडी स्प्रिंगा आल्या. दुसरीचं काळीज माझ्यात बसलं, आणि त्यात बादूने डब्यातली ती झडप स्वतःच्या हाताने बसवली. कूलंटही भरलं. आता खड्डा आला की अफ्राकोमाचे दात वाजतात. पण दिवा लागला की ती थांबते. चढावर, बाजारात, कुठेही थांबते.

माझं जुनं इंजिन सारपाँगने नेलं. त्याची बरोबर बारा पातेली आणि एक डाव झाला, माझा हिशेब चुकला नाही. त्यातलं सर्वांत मोठं पोकुआने घेतलं. ते गॅरेजसमोर चुलीवर असतं, आणि मी तपासणीला आले की माझंच काळीज पामनट सूप शिजवताना बघत उभी राहते. दारावरची फुली अफ्राकोमाने आठवण म्हणून पुसू दिलेली नाही. सारपाँग जाता येता तिच्याकडे बघतो, आणि मी आतून थरथरते.

मित्रांनो, तुमच्या घरची गाडी दिवा दाखवेल, खुळखुळेल, वास सोडेल, तेव्हा तिला गप्प करू नका. तिला दुसरं बोलता येत नाही. काल पातेल्याचं झाकण वाजलं, अगदी माझ्या जुन्या साखळीसारखं. बादू घास तोंडात तसाच ठेवून वळला. पोकुआ गिऱ्हाईक सोडून उठली, आणि तिने झाकण उचललं.