कौलाचे तीन तुकडे

मला घासायची हौस आहे. हौस कसली, खोडच. लग्न होऊन पालघरहून शिरगावला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी सासरचे सगळे पितळी डबे चिंचेने घासले आणि अंगणात उन्हाला मांडले. तेही येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा बेताने. सासूबाई म्हणाल्या, पोरगी कामाची आहे. त्या एका वाक्यावर मी पुढची पाच वर्षं घासत राहिले.

घरात आम्ही पाच माणसं. सासूबाई गोदूबाई, माझा नवरा शांताराम, लग्नाची नणंद जमना, मी, आणि माझी मोठी जाऊ रखमावयनी. वयनींचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर, मी त्या घरात येण्याआधीच माडावरून पडून गेले होते. मूलबाळ नव्हतं. वाडीतली पानवेल, केळी, विहिरीवरचा पंप, सगळं वयनीच बघायच्या. हळदीकुंकू असलं की त्या न सांगता मागच्या दारी जाऊन बसायच्या. पण त्या घरात एक वस्तू अशी होती की तिच्यापुढे सासूबाईंचंही काही चालायचं नाही, आणि ती वस्तू वयनींची होती. ओव्हन.

ओव्हन म्हणजे केवढा, तर बिस्किटांच्या मोठ्या डब्याएवढा. पत्र्याची पेटी, पुढे दार, दारावर उष्णता दाखवणारा एक काटा. तो काटा कायम एकाच जागी अडकलेला असायचा. पेटी वातीच्या स्टोव्हवर ठेवायची. शहात्तर सालच्या थंडीत एक गोरं जोडपं हिरव्या गाडीतून किनाऱ्याला आलं होतं. गाडीतच बिछाना, गाडीतच स्वयंपाक. गावातल्या किल्ल्याच्या पुढे गाडी बिघडली आणि मुंबईहून सुटा भाग येईपर्यंत सहा आठवडे आमच्या वाडीच्या कुंपणाशी उभी राहिली. ती बाई या पेटीत केक करायची आणि दर खेपेला तो खाली करपायचा, वर कच्चा राहायचा. वयनी पाण्याचा हंडा द्यायला जायच्या आणि तिथेच उभ्या राहून बघायच्या.

एक अक्षर एकमेकींचं कळत नव्हतं. पण करपलेलं दोघींनाही कळत होतं. थंडीत आम्ही उकडहंडी करतो, मडक्यात कंद, वाल, शेंगा भरून मडकं पालथं घालतो आणि भोवती जाळ करतो. वयनींची उकडहंडी गावात नावाजलेली. त्यांनी त्या बाईला बाजूला केलं आणि करवंटीचे निखारे पेटीच्या डोक्यावर ठेवले. नुसता खालून जाळ लावला तर कुणाचंही करपेल, आच सगळीकडून फिरायला पाहिजे, असं त्यांनी हाताने दाखवलं. आणखीही काहीतरी केलं. ते मला माहीत नव्हतं, आणि सगळी गोष्ट तिथेच आहे. जाताना बाईने ती पेटी वयनींच्या हातात दिली.

मी आले तेव्हा वयनींचा केक तारापूरच्या कॉलनीपर्यंत पोचला होता. ज्या बाईला शाळेत पाऊल टाकायला मिळालं नाही, तिच्याकडे इंजिनियरांच्या बायका मुलांच्या वाढदिवसाला केक सांगायच्या. वयनींची पद्धत ठरलेली. विहिरीतून दहा हंडे ओढून होईपर्यंत रिकामी पेटी तापवायची, मग भांडं आत. मध्ये एकदा दार उघडून भांडं अर्धं फिरवायचं, बस. वास पडवीपर्यंत आला की झाला. घड्याळ नाही, काही नाही. मी अकरावी पास, वजनमापं वहीत लिहून घेतलेली, पण माझा केक दगड व्हायचा. मला याचा राग यायचा. आता कबूल करायला हरकत नाही.

चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत जमनाचा साखरपुडा ठरला. मुलगा बोईसरचा, अणुकेंद्रात फिटर. त्यांच्याकडच्या मंडळींना नवी हौस, अंगठ्या झाल्या की मुलामुलीने केक कापायचा. सासूबाई घुटमळल्या. केकचं काही नाही, बोईसरहून आणता येईल, पण शुभकार्याला रखमाचा हात नको, असं त्या मला हळूच म्हणाल्या. तेव्हा मी चढून बोलले. कॉलनीतल्या पोरांचे इतके वाढदिवस झाले, एकाला तरी काही झालं का, हे विचारलं. जमनानेही वयनीच हव्यात म्हणून हट्ट धरला. शेवटी सासूबाई बरं म्हणाल्या. मी वयनींना सांगायला वाडीत गेले तेव्हा त्या वेलीला आधार बांधत होत्या. त्यांनी दोनदा विचारलं, आई खरंच हो म्हणाल्या का. मग पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा बांधायला लागल्या, पण गाठ काही नीट बसेना.

एवढ्यावर थांबले असते तर मी शहाणी. पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते माझ्यासाठीच. आदल्या संध्याकाळी मी घर घासायला काढलं, त्यात ओव्हन दिसला. बाहेरून काळा कुळकुळीत. बोईसरची माणसं बघतील तर काय म्हणतील? घेतला अंगणात. राख आणि नारळाच्या काथ्याने घासला. आतला तळाचा पत्रा घट्ट बसलेला होता, तो उलथन्याने उचकटला, तर खाली वाळू आणि कौलाचे काळे तुकडे. समुद्राकाठच्या घरात वाळू कुठे नसते? मला वाटलं, वर्षानुवर्षांची घाण. सगळं उलटं करून शेणखताच्या खड्ड्यात ओतलं, पत्रा चकचकीत करून परत ठोकून बसवला आणि पेटी स्टोव्हवर मांडून ठेवली.

सकाळी साठ माणसांच्या जेवणाच्या धांदलीतून वयनी आल्या. म्हणाल्या, आरसाच केलास की. त्यांनी नेहमीसारखे दहा हंडे ओढले, निखारे वर ठेवले, भांडं आत सरकवलं. पडवीपर्यंत वास आला तो जळक्याचा. दार उघडलं तर कडा कोळसा झालेल्या आणि मधोमध पिठलं. वयनी वात खाली करत राहिल्या, भांडं फिरवत राहिल्या, आणि तेवढ्यात पाहुण्यांच्या जीपचा आवाज आला.

सासूबाईंची बहीण, उमरोळीची मैनाबाई, दारात उभी होती. बाई वाईट नव्हती, पण तोंडाला झाकण नाही. ती म्हणाली, "मी बोल्ले व्हते गोदूला. शुभकार्याला हात लावला आन् बघा. देवानी दाखवून दिला."

वयनींनी वर पाहिलं नाही. करपलेलं भांडं पदराखाली घेऊन त्या मागच्या दाराने गेल्या. साखरपुडा पेढ्यांवर पार पडला, कोणाचं काही अडलं नाही.

संध्याकाळी उष्ट्या पत्रावळी टाकायला मी खड्ड्याकडे गेले. तिथे ते कौलाचे तुकडे पडले होते. तीन. मी एक उचलला. कडा दगडावर घासून घासून गोल केलेल्या, एकाला एक लागून बसतील अशा. तिन्ही जुळवले तर बरोबर पेटीच्या तळाएवढे झाले. तेव्हा मला कळलं. जाळ थेट पत्र्याला लागू नये, म्हणून वाळूचा थर आणि त्यावर कौल. वयनींनी ते कधीच कोणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. चुलीखाली वाळू असते हे कोणी सांगतं का?

त्या क्षणी स्वयंपाकघरात जाऊन चार शब्द बोलले असते तरी पुरे होतं. घरात सगळे होते, मैनाबाईही होती. मी ते तुकडे परत खड्ड्यात टाकले आणि वर पत्रावळी टाकल्या. सासूबाई म्हणाल्या असत्या, नको तिथे हात घालतेस. एवढ्याच वाक्याची भीती. पाच वर्षं घासून मिळवलेलं नाव मला घालवायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात बरंही वाटलं होतं, की वयनींचाही केक बिघडतो. ओव्हन मीच उचलून माळ्यावर टाकला, म्हणजे कोणी तळ उचकटून बघायला नको.

मला वाटलं, आठ दिवसांत विसरतील. कॉलनीतून निरोप आले, वयनींनी सगळ्यांना हात दुखतो म्हणून कळवलं. शांतारामला मी आडून विचारलं, तर तो म्हणाला, कावळा बसायला आणि फांदी मोडायला, वयनी उगाच मनाला लावून घेते. सांगायचं रोज ठरवायचे, रोज राहायचं. आणि जेवढं उशिरा तेवढं अवघड होतं, हे मला कोणी शिकवायला नको होतं.

पुढच्या वर्षी जमना बाळंतपणाला आली. मुलगा झाला आणि तिसऱ्या दिवशी गेला. डॉक्टरांनी जन्मतःच छातीत दोष होता म्हणून सांगितलं. वयनींनी ते ऐकलं, मान हलवली. त्याच महिन्यात त्यांनी आपलं अंथरूण वाडीतल्या पंपाच्या खोलीत नेलं. मैनाबाईने एकदा बोललेलं वाक्य वयनी स्वतःला रोज बोलत असणार. त्यानंतर सणाच्या दिवशी त्यांनी चुलीला हात लावला नाही. जमनाला पुढे हंसा झाली, तिचं बारसं वयनींनी विहिरीच्या आडून बघितलं. मी बघत होते त्यांना, पाळण्याची दोरी हातात धरून.

दहा वर्षं. मी ओझं वाहिलं वगैरे म्हणणार नाही, ओझं त्या वाहत होत्या. मी छान जेवत होते, झोपत होते, डबे घासत होते.

चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात हंसाचा सहावा वाढदिवस आमच्याकडे होता. केक बोईसरच्या बेकरीतून आलेला. हंसा नवा फ्रॉक घालून सगळ्यांच्या पाया पडत पडत पंपाच्या खोलीपर्यंत गेली, मी तिच्या मागे होते. ती वाकली, तर वयनींनी पाय पोटाशी ओढून घेतले. "आज नको गो बाय," त्या म्हणाल्या. "आज तुजा वाढदिवस हाय. उद्या ये." पोर बावरून माझ्याकडे बघत राहिली.

मी हंसाला घरी पाठवलं आणि तिथेच जमिनीवर बसून सगळं सांगितलं. वाळू, कौल, खड्डा, माळा, मैनाबाई घरात असताना मी गप्प राहिले ते, सगळं. बोलताना रडले. वयनी बाजारासाठी पानांच्या जुड्या करून टोपलीत रचत होत्या, त्या रचतच राहिल्या. माझं संपल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "शैला, तू चांगली हायस. माज्या जिवाला बरा वाटावा म्हणून बोलतेस. पन खोटा नको बोलू."

मला शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. मी म्हटलं, थांबा, दाखवते.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून ओव्हन काढला. किनाऱ्यावरून वाळू आणली, चाळली, भाजून कोरडी केली. जुनं कौल फोडून दगडावर घासायला बसले. बोटं सोलली, पण तीन तुकडे बसवले. स्टोव्ह पंपाच्या खोलीच्या दारातच मांडला, वयनींच्या डोळ्यांसमोर. दहा हंडे ओढले. करवंटीचे निखारे वर ठेवले. मध्ये एकदा भांडं फिरवलं. त्या खाटेवरून बघत होत्या, आणि वास आला तेव्हा माझ्याआधी त्यांनी मान वर केली. "काढ," म्हणाल्या.

जन्मात माझा तसा केक झाला नव्हता. वर बदामी, बोटाने दाबलं की परत वर येणारा. गरम असतानाच एक तुकडा कापून दिला. वयनींनी तो आधी उलटा केला आणि खालची बाजू बघितली. कुठे डाग नव्हता. मग खाल्ला, सावकाश, पुरा.

"बघितलंत?" मी म्हटलं. "वाळू होती म्हणून. वाळू नव्हती म्हणून तेव्हा जळला. दुसरं काही नाही."

वयनी माझ्या कपाळाकडे बघत होत्या. कुंकवाकडे. "तुज्या हातानी झाला," त्या म्हणाल्या, आणि त्यात राग नव्हता, हेवा नव्हता, जणू माझीच समजूत घालत होत्या. "सवाशिणीचा हात हाय. मी दुसरा काय सांगत व्हते?"

मी पेटी त्यांच्यापुढे सरकवली. म्हटलं, वयनी, तीच वाळू, तेच कौल, आता तुम्ही करा. एकदा करा. कोणी नाही इथे, फक्त आपण दोघी.

त्यांनी हात पुढे केला. दारावरच्या त्या अडकलेल्या काट्यावर बोट फिरवलं, खूप दिवसांनी घरी आलेल्या मुलाच्या तोंडावरून फिरवावं तसं. क्षणभर मला वाटलं, करतील. मग हात परत मांडीवर गेला.

"आन् जळला तर?" त्यांनी विचारलं.

याचं उत्तर माझ्याकडे दहा वर्षांपूर्वी होतं. शेणखताच्या खड्ड्यात पडलं होतं, आणि वर पत्रावळी मीच टाकल्या होत्या.