हलीमाबीची निळी रेघ

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकते. मागून कुणी तोंड वाकडं करायला नको.

आमच्या वाडीत समुद्र पाहुण्यासारखा येतो. काशीदच्या अलीकडे रस्ता सोडून खाली उतरलं की आमची सतरा घरं. अमावास्या-पुनवेला दुपारी बाराच्या सुमाराला भरती भरते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पूर्वी एखादं वादळ सोडलं तर पाणी बांधापाशी थांबायचं आणि तिथूनच परत जायचं. आता गेली चार-पाच वर्षं ते सरळ पडवीत शिरतं, चपला उचलून इकडच्या तिकडे करतं आणि दोन तासांनी आलं तसं निघून जातं. आवाज नाही, गडबड नाही. भर उन्हात, वारा पडलेला असताना, कपाटाखालून हळूच पाणी येताना बघितलं की आपण जागे आहोत की आपला डोळा लागलाय, तेच कळत नाही. मी कितीदा तरी खाटेवर पाय वर घेऊन नुसती बसून राहिलेय, पाण्यात छपराचं ऊन हलताना बघत. तेव्हा रागही येत नाही. राग येतो तो नंतर, चिखल उपसताना.

सफुरा माझी शेजारीण. तिचा नवरा यूनुस आठ वर्षांमागे गेला. लेक फहाद कुवेतला तेलाच्या कंपनीत आहे. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक पपईचं झाड आणि तीस वर्षांची भांडणं. ईदला तिचा शीरखुर्मा माझ्याकडे, गौरीला माझ्या करंज्या तिच्याकडे, आणि मधले दिवस कुणाची कोंबडी कुणाच्या अळूत शिरली यावर तोंडातोंडी.

दोन वर्षांपूर्वी हिच्या डोक्यात कायदा शिरला. हवामानाचा कायदा. अलिबागच्या कुठल्याशा सभेला गेली होती, तिथून कागदांचा गठ्ठा घेऊन आली. मग ही बाई, गुडघे दुखतात म्हणून विहिरीवर न जाणारी, वाडी-वाडी फिरायला लागली. कोळ्यांकडे, बौद्धवाडीत, मोहल्ल्यात, पार तळा गावापर्यंत. सह्या घ्यायची, अंगठे घ्यायची.

"कायदा करून भरती थांबते व्हय गो?" मी विचारलं.

"न्हाय थांबत. पण ती का चढली आणि भरपाई कोणी करायची, ते लिहून तरी ठेवता येतं."

"तुझा लेक तेल काढतो आणि तू मागतेस उन्हावरची वीज. फहादला कळलं तर?"

तेव्हा ती सुपारी कातरायची थांबली. "त्याच्याच पगारावर हे घर उभं हाय चंद्रा. आणि त्या तेलाच्या धुरानंच ते बुडतंय. दोन्ही खरं हाय. मी काय करू, सांग."

मी गुपचूप सही केली. माझा नवरा हरेश्वर बांधावरचा डिझेलचा पंप चालवतो. खाजणातलं खारं पाणी उपसून बाहेर टाकायचं आणि वर काळा धूर सोडायचा. त्यानंही सही केली. म्हणाला, उन्हावरचा पंप आला तर निदान माझा खोकला तरी जाईल.

तर त्या कायद्याचा मसुदा चालला होता आणि त्याला एक यादी जोडायची होती. ज्या गावांत समुद्र चढतोय, त्यांची. यादीत नाव आलं तर पक्का बांध आणि उन्हावरचा पंप सगळ्यात आधी त्या गावाला. नाही आलं तर बसा चिखल उपसत. नुसतं सांगून भागणार नव्हतं, गावाकडे जुनी नोंद हवी होती. सफुरा अलिबागला यादी करणाऱ्या साहेबांना म्हणाली, आमच्याकडे नोंद आहे. साहेब म्हणाले, फोटो नको, फोटो हल्ली कसेही बनवतात. आम्ही येऊन बघतो.

मला मात्र ती एवढंच बोलली, "चंद्रा, सर्वपित्रीला साहेब येणार. भिंत बघायला." आणि उरलेले कागद द्यायला दोन दिवस अलिबागला गेली. घराची चावी माझ्याकडे.

आता मला सांगा, मुलगी बघायला येणार म्हटलं की आपण मुलीला तशीच पुढं करतो का? वेणीफणी करतो, पावडर लावतो. मग भिंत बघायला येणार म्हटल्यावर? आणि भिंत तरी कसली, पोपडे आलेली, कळकट, आणि खालपासून कमरेपर्यंत निळ्या रेघाच रेघा. मला वाटायचं, फहाद लहान असताना त्याची उंची मोजल्याच्या त्या रेघा. तीस वर्षं त्या पडवीत बसले, पण कधी विचारलं नाही. रोज डोळ्यांसमोर असतं, ते कोण विचारतं?

आदल्या दिवशी सकाळी मी चुना भिजवला. सफुराच्या फळीवर निळीची बाटली होती, ती अख्खी चुन्यात ओतली. नीळ घातली की भिंत दुधासारखी दिसते. चुना धरून राहावा म्हणून डिंक घालतात, तो घालायचा राहिला, पण म्हटलं, उद्यापुरतं तर हवंय. कुंचा घेऊन दोन हात मारले. दुपारपर्यंत पडवी अशी पांढरी झाली की उन्हानं डोळे दिपले. मी थकून तिथंच जमिनीवर आडवी झाले. चुन्याचा थंड वास नाकात, आणि डोळा लागला.

स्वप्नात सफुराची सासू आली, हलीमाबी. तिला जाऊन वीस वर्षं झाली. पडवीत कमरेइतकं पाणी होतं आणि त्यातून ती सावकाश चालत होती, ओढणी पाण्यावर पसरलेली. एक बोट निळीत बुडवलेलं. ती भिंतीवरून हात फिरवत होती, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, पुन्हा या कोपऱ्यापर्यंत. "माझी रेघ कुठं गेली गो?" असं मला विचारत होती, रागानं नाही, चष्मा हरवल्यावर विचारतात तसं. मी म्हटलं, कसली रेघ, हलीमाबी? तिनं माझ्याकडे बघितलं आणि पाण्यात बसली. मी दचकून उठले. भिंत कोरडी, पांढरी, आणि माझी पाठ गारठलेली.

अमावास्येला सकाळच्या एसटीनं सफुरा आली. मी दारातच उभी, शाबासकी घ्यायला! तिनं पिशवी खाली ठेवली आणि भिंतीकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"माझ्या सासूचा हात पुसलास गो," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. यूनुस पोटात असताना मोठं वादळ झालं, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा हलीमाबीच्या पडवीत समुद्र आला. पाणी ओसरल्यावर तिनं चुन्यात नीळ कालवून, ते जिथवर चढलं तिथं बोटानं रेघ ओढली. पुढं जेव्हा जेव्हा पाणी आत आलं तेव्हा तेव्हा रेघ. आधी सासूनं ओढली, मग सुनेनं. पन्नासावर वर्षांची नोंद, आणि ती मी एका सकाळीत दुधासारखी करून टाकली होती.

मला रडू फुटलं. "मला बोललीस का न्हाय? तोंड शिवलं होतं तुझं?" मी तिच्यावरच ओरडले. शरम वाटली की मी ओरडतेच, हा माझा स्वभाव. तिनं चटई झटकली, साहेबांसाठी खुर्च्या मांडल्या आणि कोऱ्या भिंतीकडे पाठ करून बसली. वाडीतल्या बाया येऊन बसल्या.

दहाला येणारे साहेब अकरा वाजून गेल्यावर आले. बरोबर फाइल घेतलेला एक सहायक. माणूस वाईट नव्हता, पाणी प्यायला, घामेजला होता. भिंतीकडे बघून म्हणाला, "हीच का?"

"होती," सफुरा म्हणाली.

"मी पुसली," मी म्हटलं. "मी चंद्राबाई, शेजारीण. चुना मी लावला. तिचा काही दोष नाही. लिहा तसं."

साहेबांनी सहायकाकडे बघितलं, मग भिंतीकडे. "बाई, मला वाईट वाटतंय. पण प्रत्येक गाव म्हणतं की पूर्वी एवढं पाणी नव्हतं. यादीसाठी काहीतरी दाखवावं लागतं हो. यात मी काय लिहू?"

तेवढ्यात पाहुणा आला. उंबऱ्याखालून, खुर्च्यांच्या पायांमधून, आवाज न करता. सहायकानं फाइल उचलून छातीशी धरली. पाणी घोट्यापर्यंत आलं, वर चढलं. छपराच्या फटीतलं ऊन त्यात तुकड्यातुकड्यांनी हलायला लागलं. साहेब पँट वर ओढून उभे राहिले. "निघूया आपण. पाणी वाढतंय."

माझं डोकं सणकलं. "बसा साहेब! समुद्र दोन तास बसतो आमच्याकडे, तुम्हाला दहा मिनिटं बसवत न्हाय?"

ते खरंच बसले. सफुरानं माझ्याकडे बघितलं. पण पुढं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. पाणी पोटरीच्या मध्यावर आलं होतं. नजर भिंतीच्या तळाशी गेली, तर तिथं पाण्यात दुधासारखं काहीतरी सुटत होतं. माझा चुना! डिंक नव्हता ना त्यात.

मी लुगड्यासकट पाण्यात बसले. पदराचा बोळा केला आणि पाण्याखाली भिंत घासायला लागले. पांढरे लोट उठले, हात दिसेना. "चंद्रा, काय करतेस?" सफुरा ओरडली. मी घासतच राहिले. जमिनीपासून वीतभर उंचीवर घासलं, पुढं सरकले, पुन्हा घासलं. मग पाणी जरा निवळलं आणि तळाशी निळं दिसलं. आधी बोटभर, मग हातभर. नव्या चुन्याखाली हलीमाबीचा जुना हात जसाच्या तसा होता, थोडा वाकडा, शेवटाला वर गेलेला. उन्हाचे तुकडे त्याच्यावरून हलत होते. स्वप्नात ती पाण्यात का बसली, ते मला तेव्हा कळलं.

साहेब खुर्चीवरून उठले आणि बुटांसकट पाण्यातून आले. वाकून बघितलं. रेघ पाण्याखाली चांगली चार बोटं होती.

"ही कधीची?"

"माझा नवरा पोटात होता, त्या सालची," सफुरा म्हणाली. "तुफान झालं होतं. मचवे रस्त्यावर येऊन पडले, चार माणसं परत आली न्हाईत. माझ्या सासूनं तोवर बघितलेलं सगळ्यात मोठं पाणी."

साहेबांनी रेघेकडे बघितलं, मग तिच्या वरच्या पाण्याकडे. "आणि आज काय झालंय?"

सफुरानं दारातून बाहेर बघितलं. आभाळ निरभ्र होतं. पपईचं पान हलत नव्हतं.

"आज काही न्हाय झालं, साहेब," ती म्हणाली. "आज नुसती अमावास्या हाय."

साहेबांनी पाण्यात हात घातला आणि रेघेवर बोट ठेवलं. दुसरा हात वर, पाणी भिंतीला टेकलं होतं तिथं ठेवला. मग सहायकाला म्हणाले, "टेप काढ." त्यानं मापं घेतली. वाडीतल्या बाया मग एकदम बोलायला लागल्या, पाण्यात उभ्या राहूनच, आणि साहेब लिहीत गेले. वरच्या रेघा मी ओल्या फडक्यानं एकेक करून सोडवल्या. सगळ्या नाही सुटल्या. तीन कायमच्या गेल्या, त्या माझ्या नावावर.

कायदा अजून व्हायचाय. यादीत नाव आलं की नाही, तेही अजून कळलेलं नाही. सफुरा पुन्हा कागद घेऊन फिरते आणि आता मी बरोबर असते, कारण तिला भांडता येत नाही.

त्या दिवशी पाणी ओसरल्यावर तिनं वाडग्यात चुना घेतला. नीळ माझ्या घरून आणली, तिची तर मी संपवली होती. वाडगा माझ्यापुढे सरकवून ती म्हणाली, "आजची रेघ तू ओढ."

मी आधी त्यात डिंक घातला, चांगला दोन चमचे, आणि मग बोट बुडवलं.