आधी वास सांगायचा

आमच्या घरात वाइनची बाटली च्यवनप्राशच्या शेजारी असायची. तिला कुणी दारू म्हणायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. आमचे हे, म्हणजे गोपाळकृष्ण, बाटली आणायला जाताना कापडी पिशवी नेत आणि दुकानदाराला चार लोकांसमोर सुनावत, "औषध आहे. वर्तमानपत्रात गुंडाळू नका." चतुर्थीलाही घेत. मी हटकलं, तर उत्तर तयार असे, "औषधाला उपास नसतो."

हे खूळ सलिलचं. सलिल आमच्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर राहतो. इंजिनिअरची चांगली नोकरी सोडून त्याने जुन्नरच्या बाजूला वडिलांच्या जमिनीत वाइनची द्राक्षं लावली आणि छोटीशी वायनरी काढली. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. रेड वाइन हृदयाला चांगली, असं तेव्हा जो तो म्हणत होता. पेपरात छापून येत होतं आणि डॉक्टरही मान डोलावत होते. कोथरूडच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने लगेच सलिलचं व्याख्यान ठेवलं. मी संघाची चिटणीस, त्यामुळे शाल-श्रीफळ माझ्याच हस्ते. कुणीतरी उत्साहाने बाटली सरस्वतीच्या फोटोशेजारी ठेवली होती, ती मी हळूच टेबलाखाली सरकवली.

त्या दिवशी सलिलने एक नियम सांगितला. ग्लास हलवायचा, वास घ्यायचा आणि कशाचा वास आला ते मोठ्याने सांगायचं. घोट त्यानंतर. "यात चूक-बरोबर काही नसतं," तो म्हणाला. "जे आठवेल ते बोलायचं."

आता आमचे हे म्हणजे अबोल माणूस. पाटबंधारे खात्यात खडकवासल्याला नोकरी केली. धरणाचं पाणी किती आहे ते साऱ्या पुण्याला कळवलं, पण स्वतःच्या मनात काय आहे ते बायकोला कळू दिलं नाही. आमचा संसार भाजी, बिलं आणि "पंखा बंद कर" एवढ्यावर चालला. पण नियम म्हणजे नियम. संध्याकाळी सातला बाल्कनीत दोन खुर्च्या मांडल्या, खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजून वाइन ग्लासात ओतली, नाक घातलं आणि म्हणाले, "ओलं गोणपाट."

मी चहा घेऊन शेजारी बसले होते. पुढे काही येईल असं वाटलंच नव्हतं.

"वाईला आमच्या शेजारी किराणा दुकान होतं. पावसात पोती भिजायची. दुकानदाराच्या मुलीला पोलिओ झाला होता. मी तिला पाढे शिकवायचो."

ही मुलगी मला नातवंडं झाल्यावर कळली!

मग रोज काही ना काही निघू लागलं. लवंगेचा वास आला की त्यांच्या आईची दाढदुखी, आणि तेलरंगाचा आला की धरणाच्या दरवाजांना रंग देणारी माणसं. एकदा नुसतं "गरम इस्त्री" म्हणाले आणि मला बघायला आले तेव्हा भावाचा शर्ट घातला होता, हे कबूल केलं. मी कधी थेंबभरही घेतली नाही. पण खरं सांगते, त्या अर्ध्या तासाची मी सकाळपासून वाट बघायची.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या हृदयाचे ठोके बिघडले. हॉस्पिटलात न्यावं लागलं. डॉक्टर नम्रता म्हणून होत्या, आमच्या नातीच्या वयाच्या. त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "वाइन बंद. अजिबात नाही."

"अहो, पण हृदयाला चांगली म्हणून तर..." मी म्हणाले.

"ते जुनं झालं, आजी. थोडी घेतलेली बरी, असं आता आम्ही सांगत नाही."

हे आज्ञाधारक. घरी आल्या आल्या ग्लास धुऊन माळ्यावर टाकला. सात वाजले तेव्हा आत जाऊन बातम्या लावल्या.

मी कोकम सरबत करून बघितलं. एका दमात प्यायले, "साखर जास्त झालीय" म्हणाले आणि उठले. मला इतका राग आला! डॉक्टरांवर रागवायची सोय नव्हती, त्यांनी माणूस परत दिला होता. पण त्या माणसाने ग्लासाबरोबर आमचं बोलणंही माळ्यावर टाकलं होतं, आणि त्याला त्याचा पत्तासुद्धा नव्हता.

तिकडे सलिलचीही वाताहत चालली होती. संघातल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून सोडली. तरुण मंडळींनी धरलीच नव्हती. आमची नात स्वराली हिंजवडीला आयटीत आहे. ती मनगटावरचं स्मार्ट घड्याळ पुढे करून म्हणते, "आजी, एक ग्लास घेतला तरी स्लीप स्कोअर डाउन होतो. वर्थ इट नाहीये." सलिल जिन्यात भेटला की उसनं हसायचा. "काकू, म्हातारे तब्येतीसाठी प्यायला लागले, पोरं तब्येतीसाठीच शिवेनात. मी मध्ये लटकलोय." निम्मे वेल त्याने उपटून टाकले होते.

मागच्या रविवारी तो संध्याकाळी एक नवी बाटली घेऊन आला. अल्कोहोल काढून टाकलेली वाइन. डॉक्टरांची हरकत नाही, हे मी आधीच फोन करून विचारून घेतलं होतं. "काकांनी सांगावं," सलिल म्हणाला. "बाकीचे तोंडावर छान म्हणतात."

मी माळ्यावरून ग्लास काढला, खुर्च्या मांडल्या, माझा चहा शेजारी ठेवला. ह्यांनी ग्लास हलवला, नाक घातलं, डोळे मिटले.

"कशाचाच नाही रे," शेवटी म्हणाले. "धुतलेल्या भांड्याचा फार तर."

सलिलचा चेहरा उतरला. "अल्कोहोल काढताना वासही बराचसा जातो, काका."

"मग विकतोस कशाला?" असं म्हणून ग्लास खाली ठेवला आणि रिमोट शोधायला उठले.

माझं डोकंच फिरलं. "बसा!" मी म्हणाले आणि ग्लास उचलला. "मला येतोय वास."

खरं तर काही येत नव्हतं.

"फिनेलचा," मी म्हणाले.

"यात फिनेल?"

"चूक-बरोबर काही नसतं. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधलं फिनेल. तुम्हाला आत नेलं तेव्हा एक बाई फरशी पुसत होती. मला म्हणाली, पाय वर घ्या. मी पाय वर घेऊन बाकावर बसले आणि मनात आलं, हा माणूस गेला तर मला तो बाटलीतून निघाला तेवढाच ठाऊक आहे. आणि मी तर त्याला तेवढीही ठाऊक नाही. फार घाबरले होते मी. आणि तुम्ही घरी येऊन बातम्या लावल्यात."

सलिलने बाटलीचं झाकण लावलं. हे हळूच खुर्चीत बसले. त्यांनी माझ्या हातातला ग्लास जरासा हलवला आणि म्हणाले, "आणखी कशाचा येतोय?"

मी पुन्हा नाक घातलं. "खडूचा. शाळेत शिक्षिका म्हणून लागले त्या पहिल्या दिवसाचा." मग तो दिवस सांगितला. कधी कुणी विचारलाच नव्हता. चहावर साय धरली, तरी हे मध्ये एक शब्द बोलले नाहीत.

सलिल जायला उठला. दारापर्यंत पोचला तेव्हा ह्यांनी मान न वळवता विचारलं, "सलिल, अशा बाटल्या अजून आहेत का रे?"