तड्यावरची काच

"काच काय आपणहून फुटते? आपल्यातल्याच कुणाचा तरी हात आहे!" तळमजल्यावरचा घड्याळजी पुटपुटला. पुटपुटला म्हणजे काय, शेजारी उभ्या असलेल्या शिंपीणकाकूंच्या कानात नेमकं जाईल एवढ्याच आवाजात.

जिन्याच्या वळणावर सगळे भाडेकरू जमले होते. तिथल्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. जुन्या इमारती जपणाऱ्या खात्यातली बाई त्यावर काचेची बोटभर पट्टी आडवी चिकटवून जाई. भिंत हलली तर पट्टी तडकणार, इतकं साधं. ती आज तिसऱ्यांदा तडकली होती. पण भिंत हलली असं कुणी तोंडातून काढेना. काच कोणी फोडली, यावरच सगळ्यांचा खल चालला होता.

बाई नवी पट्टी बसवत म्हणाली, "हे बघा, कुणी खोडी काढत असेल तर ठीक. पण तडाच वाढत असेल तर वेळेत कळायला हवं. भिंतीला आधार देऊन जिना वाचवता येईल. तुम्हाला मात्र खोल्या सोडाव्या लागतील. परत येता येईल की नाही, आत्ता नाही सांगता येणार."

सगळे एकदम खोडकर माणसाच्या शोधाला लागले.

काकूंचा संशय आधीच ठरला होता. समोरच्या खोलीतले धाकटे दीर. मध्ये एकदा गुडघे चोळता चोळता ते म्हणाले होते, "वहिनी, दुसरीकडे खोली मिळाली तर लिफ्ट तरी असेल हो." बस्स. शिवलेल्या कपड्यात राहिलेल्या टाचणीसारखं ते वाक्य काकूंना जिथे तिथे टोचत होतं. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात, इथे तर घर जागेवर होतं आणि दीर फिरले होते!

काकू लग्न होऊन याच जिन्याने वर आल्या होत्या, आणि नवरा गेला तोही याच जिन्याने. पुढे कमानीच्या खिडकीतल्या मशीनने त्यांना पोसलं. तिथला उजेड असा, की काळ्या कापडावरचा काळा दोरासुद्धा दिसावा. सुट्टीच्या दिवशी लोक शहरातली जुनी घरं बघायला येत. त्यांना फिरवणारा वाटाड्या जिन्यावर थबकून सांगे, "बघा, मध्ये एकही खांब नाही. पायरीला पायरी धरून उभी आहे!" तेव्हा काकू दार मुद्दाम उघडं टाकून, मान खाली घालून शिवत बसत. चेहरा असा, की जिना यांनीच बेतून कापलाय.

तर काकूंनी कापडावर खुणा करायचा खडू किसला आणि त्याची भुकटी तड्याखाली पसरून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी पावलं उमटली. डावा पाय ओढत गेलेली, आणि परतून थेट दिरांच्या उंबऱ्यापर्यंत.

त्यानंतर काकू दाराआड कान देऊन बसू लागल्या. एका दुपारी पाय ओढल्याचा आवाज आला, तशी त्यांनी दार धाडकन उघडलं.

"भाऊजी! स्वतःच्या भावाच्या घरावर उठलात? लाज नाही वाटत?"

"हळू बोला वहिनी, काच चिकटवायची लांबी अजून ओली आहे."

काकूंनी नीट पाहिलं. दिरांच्या हातातली पट्टी अख्खी होती. फुटकी पट्टी त्यांच्या खिशातल्या रुमालात होती.

"तुम्ही... बसवताय?"

"मग काय फोडतोय? खात्याला तीनच माहीत आहेत. मी किती बदलल्या ते विचारू नका. घड्याळजीचा तुमच्यावर संशय आहे, माझा त्याच्यावर होता. आता कुणावर घ्यावा तेच कळत नाही."

"पण तुम्हाला तर लिफ्ट हवी होती!"

"गुडघे माझे दुखतात. मशीन कुठे ठेवणार होतात तुम्ही?" त्यांनी पट्टी अंगठ्याने दाबली. "फोटोंच्या काचा कापून कापून संपल्या आता. ही शेवटची. दादाच्या फोटोची."

काकू आत गेल्या. ओलं फडकं आणून त्यांनी खडूतली पावलं पुसून टाकली.

सुट्टीच्या दिवशी जिना पाहुण्यांनी भरून गेला. खात्याची बाईही आली होती. तिने पट्टीवरून बोट फिरवलं. "अरे वा! शाबूत आहे की!"

"आम्हा सगळ्यांचा पहारा म्हटल्यावर चोर गप्प!" घड्याळजी म्हणाला आणि सगळे मोकळं हसले. दीर काठीवर दोन्ही हात ठेवून जमिनीकडे बघत राहिले.

"अजून वर या, जागा आहे," वाटाड्या खालच्यांना बोलावत होता. "इतक्या वर्षांत जागचा हलला नाही हा जिना!"

तड्याखाली एक बाई तान्ह्याला खांद्यावर घेऊन उभी होती. वरून चिमूटभर चुना त्याच्या टोपीवर पडला. तिने तो सहज झटकला आणि ती पुन्हा कमानीकडे बघू लागली. थोड्या वेळाने आणखी चिमूटभर पडला.

काकूंनी मशीन थांबवलं. कात्री खणात ठेवली, खण लावला आणि त्या बाहेर आल्या.

"वहिनी," दीर हलकेच म्हणाले.

त्यांच्या काठीवरच्या हातावर हात ठेवून काकू खात्याच्या बाईकडे वळल्या.

"बाई, आधी ही माणसं खाली न्या. ती काच आम्ही बदललेली आहे. फोडत कुणीच नव्हतं. आमचं घर पडतंय."