टेकडीवरचे फुटवे

घाणेरीचं झुडूप नकोशा पाहुण्यासारखं असतं. एकदा शिरलं की कितीही हुसका, जाता जात नाही. गावाबाहेरच्या सरकारी टेकडीवर ते वर्षानुवर्षं माजलं होतं, आणि ते उपटायला सरकारने गावातल्या तरुण पोरापोरींच्या पथकाला अनुदान दिलं होतं. पथकाच्या मुकादमाला सगळेच मामा म्हणत. खरा मामा तो त्यातल्या एकीचाच, चिमणीचा.

चिमणी बिनबापाची पोर. आदल्या वर्षी ती मासळी गोठवण्याच्या कारखान्यात कामाला गेली होती. हिवाळा सरायच्या आत परत आली, ती भिंतीकडे तोंड करून पडायलाच. बोटं सुजलेली, बोलणं तुटलेलं. जेवायला हाक मारली तरी उठायची नाही. शेवटी तिच्या आईने मामाला, आपल्या भावाला, बोलावून सांगितलं, "हिला तुझ्याबरोबर ने बाबा. इथे ठेवली तर हातची जाईल."

मामाने नेली. पहिले काही दिवस ती नुसती कुदळ धरून उभी राहायची. मग एक दिवस एक मूळ काही केल्या निघेना, तेव्हा तिने त्याला अशी शेलकी शिवी हासडली की सगळं पथक खो खो हसलं, आणि ती स्वतःही हसली. मामा झाडामागे जाऊन डोळे पुसून आला. त्यानंतर ती कधी भिंतीकडे तोंड करून झोपली नाही.

पण अनुदान वर्षापुरतंच होतं. पुढच्या वर्षीचं मिळणार की नाही, ते पाहणीवर ठरायचं. बहीण स्पष्टच म्हणाली होती, हे काम सुटलं तर पोरीला परत कारखान्यात धाडावं लागेल, घर काही कौतुकावर चालत नाही. मामाचा जीव टांगणीला लागला.

मामा मूळचा रंगारी. मालक बघायला यायच्या आधी भिंतीवरचा ओलीचा डाग झाकायचा, ही त्याची जन्माची विद्या. आणि टेकडीवर डागांना तोटा नव्हता. झुडपं गेली होती, पण मुळं खोल राहिली होती आणि जागोजाग नवे फुटवे डोकं काढत होते. तसं ते व्हायचंच, घाणेरी दोन-तीन वर्षं पुन्हा पुन्हा काढावी लागते. पण मामाला वाटलं, साहेबलोकांना फुटवे दिसले तर म्हणतील, वर्षभर झोपा काढल्या काय? पाहणीच्या आदल्या दिवशी त्याने सगळ्यांना कामाला लावलं. दिसेल तो फुटवा जमिनीलगत खुडायचा आणि वर पालापाचोळा पसरायचा. एकाने कुरकुर केली की मुळं तर तशीच आहेत. मामा म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. गप काम कर." चिमणी तर गुडघ्यांवर रांगत सगळा उतार विंचरून आली.

पाहणीला आलेल्या बाई काही खुर्चीतल्या अधिकारी नव्हत्या. टेकडी पायांनी चढल्या, वाकून माती पाहिली, चिमणीची पाठ थोपटली. असं काम आपण कुठेच पाहिलं नाही, असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. मामाची छाती फुगली. चिमणी त्या संध्याकाळी दोन घास जास्तच जेवली.

आठवड्याभरात कार्यालयातून फोन आला. अभिनंदन, या टेकडीचं काम पूर्ण झालं. अनुदान आता नदीपलीकडच्या जमिनीला आणि तिथल्या पोरांना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मामा तडक बाईंच्या कार्यालयात गेला. खाली मान घालून त्याने सगळं सांगितलं: फुटवे आम्ही खुडले, मुळं जिवंत आहेत, काम अर्धंही झालेलं नाही. बाईंनी उठून दार लोटलं.

"हे मी ऐकलंच नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ऐकलं, तर पाहणीत फसवणूक झाली असं मला लिहावं लागेल. मग तुमच्या एकाही मुलाला पुन्हा कधी सरकारी काम मिळणार नाही. सांगा, लिहू?"

मामाने मान हलवली. लिहू नका. तो जिना उतरला तेव्हा त्याला स्वतःचीच किळस आली.

चिमणीला बसवर सोडायला तोच गेला. बहीण आली नाही, तिच्याने बघवलं नसतं. सकाळ करड्या उजेडाची होती आणि फलाटावर कारखान्याकडे निघालेल्या आणखी दोन मुली गप्प बसल्या होत्या. चिमणीने पिशवी मांडीवर घेतली होती आणि ती आपले हात एकमेकांवर चोळत होती. थंडी अजून पडायची होती.

बस लागली तशी ती उठली.

"मामा, तू मनाला लावून घेऊ नकोस. चूक माझीच झाली. बाकीच्यांनी थोडे तरी फुटवे सोडले होते रे. मीच एकही ठेवला नाही."

हुकूम माझा होता, एवढंच त्याला बोलायचं होतं. पण ते बोलला असता तर तो तिथेच मोडून पडला असता, आणि बस सुटत होती.

"पोचलीस की फोन कर," मामा म्हणाला.